आठ-त्रेचाळीसचा सेट

निवृत्तीनं जीप गॅरेजसमोर आणून लावली तेव्हा मागच्या ट्रॉलीत चार टायर पडलेले होते. जुनेच, पण जाड. ट्रॅक्टरसारखी खोल नक्षी. जिलानी मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला, टायरच्या कडेला अंगठा फिरवून धूळ पुसली आणि आकडा वाचला.

"सात-पन्नास-सोळा. हे कुठून उचलून आणले रे?"

"लातूरहून. गंजगोलाईच्या मागं एकाकडं पडून होते. एका ट्रकवाल्यानं मोडीत टाकल्याले." निवृत्ती हसत होता. "उस्ताद, आता वाळूची मस्ती उतरवायची."

जीपला तोवर सहा-सोळाचे टायर होते. अरुंद, गुळगुळीत झालेले. निलंग्याच्या डांबरी रस्त्यावर त्यांचं काही बिघडत नव्हतं. पण निवृत्तीला रोज तेरणेचं पात्र ओलांडायचं होतं आणि त्या साली तेरणेत पाण्याचा टिपूस नव्हता. दीड-दोन फर्लांग नुसती वाळू. ट्रॉलीत पाण्याचे बॅरल भरले की जीप त्या वाळूत आसापर्यंत रुतायची, मग फावडं घेऊन चाकं उकरायची.

"टायर लावतो," जिलानी म्हणाला, "पण टायर लावून भागत न्हाई. इकडं बस."

त्यानं फरशीवर खडूनं दोन गोल काढले, एक लहान, एक मोठा.

"तुझ्या जीपच्या मागच्या पोटात क्राउन आन पिनियन हाय. पिनियनला आठ दात, क्राउनला एकोणचाळीस. म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट जवळजवळ पाच वेळा फिरतो, तवा चाक एक फेरा घेतं. आता ह्या लहान टायरवर एका फेऱ्यात गाडी सात फूट जाती म्हण. ह्या मोठ्यावर जाईल आठाच्या वर. इंजिनची ताकद तेवढीच, ढांग मात्र मोठी. डोक्यावर पोतं असलं तर माणूस ढांगा टाकतो का बारकी बारकी पावलं?"

"बारकी."

"मग? वाळूतनं निघशील, पण काठाची चढण चढताना इंजिन गप बसंल. ढांग बारकी करायची तर क्राउन बदलावं लागतं. आठ-त्रेचाळीसचं. तेही मागं आन पुढं, दोन्हीकडं. चार चाकांनी ओढून राहिली गाडी, तर दोन्ही पोटांतला हिशेब एक पाहिजे. मागचं एका चालीनं, पुढचं दुसऱ्या, असं झालं तर गाडी सोताच्याच अंगाला पीळ देऊन काहीतरी तोडती."

निवृत्तीनं मान हलवली. त्याला हे सगळं कळत होतं. चौदा-पंधरा वर्षांपासून तो गाड्यांत होता आणि त्या गाड्यांत त्याला जिलानीनंच आणलेलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात निलंगा-उदगीर बाजूला रस्त्याचं काम निघालं तेव्हा जिलानी तिथल्या रोलरवर मिस्त्री होता. निवृत्ती खडी फोडणाऱ्यांत होता. बेलवाडीच्या बौद्धवस्तीतला पोरगेला गडी, बापानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, सातवी झालेला, बोलायला तेज. दुपारी सगळे लिंबाखाली पडायचे तेव्हा हा रोलरजवळ येऊन उभा राहायचा. हे काय, ते काय, विचारायचा. पहिल्यांदा जिलानीनं त्याला हुसकून लावलं. आठ दिवसांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर दिली. काम संपलं तेव्हा निवृत्तीला खडी फोडण्यापेक्षा इंजिन खोलणं जास्त येत होतं.

पुढं ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांच्या गाड्या आल्या, ड्रायव्हरांना मागणी आली. निवृत्तीनं लातुरात साहेब लोकांची जीप चालवली. त्याच काळात त्यानं तेरणेच्या अलीकडल्या काठावरच्या सावरीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या सिंधुशी लग्न जमवलं. जिल्हा झाल्यानं आणखी एक झालं, पूर्वी ज्या सामानासाठी सोलापूर किंवा हैदराबाद गाठावं लागायचं त्यातलं निम्मं तरी लातुरात मिळायला लागलं. सिकंदराबादच्या लिलावात मिलिटरीच्या जुन्या जीपा निघतात हे जिलानीनंच त्याला सांगितलं आणि दोघं मिळून जाऊन ही जीप घेऊन आले. येताना बिदरपाशी तिच्या पंख्याचा पट्टा तुटला. निवृत्तीनं धोतराच्या काठानं तो बांधला आणि दोघं रात्रभर गाणी म्हणत निलंग्याला पोचले. ती आठवण निघाली की जिलानीची बायको रईसा म्हणायची, "तुम दोनोंका पागलपन कब जायेगा?"

शहाऐंशीचा पाऊस आला तसाच गेला. सत्त्याऐंशीच्या फाल्गुनात सावरीपर्यंत टँकर यायला लागला. टँकर लॉरी होती. ती सावरीच्या शाळेसमोर उभी राहायची, तिथून पुढं नदीत उतरणं तिला शक्य नव्हतं आणि पुलाचा वळसा फार लांबचा होता. बेलवाडी नदीपलीकडं. तिथल्या बायका घागरी घेऊन वाळू तुडवत यायच्या, वर चढून सावरीत रांग लावायच्या आणि भरलेली घागर घेऊन परत तीच वाळू. ज्यांना जमत नव्हतं त्या पात्रात खड्डा खणून त्यात पाझरणारं गढूळ पाणी वाटीनं भरत बसायच्या. निवृत्तीची आई धुरपताबाई त्यांतलीच एक. निवृत्ती तिला सावरीला घेऊन यायला दोनदा गेला. ती म्हणाली, "सगळी वाडी सोडून मी एकटी येऊन पाणी पिऊ का?"

तेव्हा निवृत्तीनं ट्रॉलीला चार बॅरल बांधले. डिझेल वाडीनं घालायचं, गाडी आणि अंग त्याचं.

टायर चढले. पुढच्या मडगार्डला मोठा टायर वळताना घासत होता, तो पत्रा जिलानीनं कापून दुमडला. मग दोघं जीप घेऊन तेरणेवर गेले. रिकामी ट्रॉली वाळूतून अशी निघाली की निवृत्तीनं आरोळीच ठोकली. दोन बॅरल भरले तरी वाळूत अडचण नव्हती. पण बेलवाडीच्या काठाला चढण होती, मुरमाची, उभी. तिथं निम्म्यावर इंजिन धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. हॅन्डब्रेक ओढून, चाकामागं दगड लावून निवृत्तीनं खाली पाहिलं.

"तुमचंच खरं झालं."

"माझं न्हाई. दातांचं."

दुसऱ्या दिवशी जिलानी लातूरला गेला. तीन दुकानं पालथी घातली तेव्हा आठ-त्रेचाळीसचा एक सेट मिळाला. दुसरा हैदराबादहून मागवावा लागणार होता. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवस धरा. जिलानी एक सेट पिशवीत घालून एस.टी.नं परत आला. सबंध वाटेवर तो विचार करत होता. एका सेटनं काय होतं? काही होत नाही. किंवा एक गोष्ट होते. मागच्या पोटात तो बसवायचा, पुढच्या चाकांना जोर देणारा गिअर अजिबात टाकायचा नाही, गाडी नुसत्या मागच्या चाकांवर चालवायची. दोन बॅरल ओढील. चार नाही.

घरी येऊन त्यानं ठरवलं, दुसरा सेट येईपर्यंत थांबू. सकाळी निवृत्ती आला आणि सांगायला लागला की काल वाडीत खड्ड्याच्या पाण्यावरून दोन बायकांची डोकी फुटली. जिलानीनं जीप जॅकवर घेतली.

दोन दिवस काम चाललं. क्राउन बसवून दातांत निळा रंग लावून दहादा फिरवून पाहिलं, खूण बरोबर मधोमध पडेपर्यंत जिलानीचं समाधान झालं नाही. शेवटी हात पुसत तो जीपखालून बाहेर आला आणि म्हणाला, "निवृत्ती, पुढचा शाफ्ट काढून ठेवतो. आठ बोल्ट हायेत. मग तू पुढच्या गिअरचा दांडा टाकलास तरी पुढची चाकं वढणार न्हाईत. नको ती भानगड नको."

निवृत्ती बॅरल दोरीनं आवळत होता. "राहू द्या उस्ताद. दुसरा सेट आला की शाफ्ट पुन्हा बसवायचाच हाय. मी काय नवा हाय का? हात लावत न्हाई म्हणलं की न्हाई."

"शपथ?"

"तुमच्या गळ्याची."

ऊन डोक्यावर आलं होतं. सावरीत टँकर येऊन उभा असणार होता. जिलानीच्या हातात सोळाचा पाना होता. त्यानं एकदा गाडीखाली पाहिलं, मग पाना पेटीत टाकला.

"दोनच बॅरल. आन पुढचा गिअर हराम."

"हराम," निवृत्ती म्हणाला आणि निघाला.

पुढचे बारा दिवस जीप चालली. दिवसातून पाच-सहा खेपा. निवृत्ती दर दोन दिवसांनी गॅरेजवर यायचा, तेल बघायला, आणि वाडीतल्या गोष्टी सांगायचा. कोणाची म्हातारी पहिल्यांदा जीपमध्ये बसली, धुरपताबाई रांगेत कशी सगळ्यांच्या मागं उभी राहते, मुलगा पाणी आणतो म्हणून आपण पुढं जायचं नाही म्हणते. जिलानीही एकदा गेला. बायकांनी त्याला चहा दिला. चहात दूध नव्हतं पण साखर भरपूर होती. वाडीतले लोक त्याला "टायरवाले मिस्त्री" म्हणायला लागले होते.

तेराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सावरीचा किराणावाला संगप्पा मोटारसायकलवरून आला. त्यानं गाडी स्टँडवर लावलीसुद्धा नाही. ती तशीच पडली.

"मिस्त्री, चला. निवृत्तीची जीप उलटली."

"लागलं का त्याला?"

संगप्पा पडलेली मोटारसायकल उचलायला वाकला. जिलानीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला कळलं.

चढणीच्या पायथ्याला जीप कुशीवर पडली होती. ट्रॉली तिच्या अंगावर मुरगळून आलेली. निवृत्तीला काढून लिंबाखाली ठेवलं होतं, त्याच्यावर कुणीतरी लुगडं पांघरलं होतं. धुरपताबाई त्याच्या उशाशी बसली होती. रडत नव्हती. त्याच्या केसांतली वाळू एक एक कण वेचून काढत होती.

जिलानी तिथं फार वेळ उभा राहू शकला नाही. तो जीपकडं गेला. त्याला जायचं नव्हतं, पण पाय गेले. त्यानं वाकून आत पाहिलं. छोटा दांडा पुढं टाकलेला होता. चारही चाकांवर गाडी होती. मागच्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस फुटून शाफ्ट खाली लोंबत होता.

कसं झालं असेल ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं. वाळूत पुढचा गिअर टाकला, वाळूत चाकं सैल घसरतात म्हणून पीळ सुटत गेला, गाडी बिनबोभाट पार झाली. मग काठाचा घट्ट मुरूम लागला. तिथं चाकांना घसरायला जागा नाही. पुढचं पोट एका चालीनं ओढतंय, मागचं दुसऱ्या. चढणीवर निम्म्यात शाफ्ट तुटला. या जीपचा हॅन्डब्रेक मागचा शाफ्टच धरतो, शाफ्ट गेला की हॅन्डब्रेक नुसता हातात राहतो. पुढची चाकं हलकी, मुरमावर नुसतीच फिरत राहिली. मागं पाण्यानं भरलेली ट्रॉली ओढायला लागली, पायाच्या ब्रेकचा मोठ्या टायरसमोर जोर पुरला नाही.

ट्रॉलीला चार बॅरल होते.

वर चढणीवर उभ्या असलेल्या बायकांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी सांगितलं, मोठा आवाज झाला, बंदुकीसारखा. निवृत्ती ओरडला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" उडी मारायला वेळ होता, एक बाई म्हणाली, पण मागं दोन पोरी घागरी घेऊन येत होत्या म्हणून त्यानं स्टेअरिंग सोडलं नाही, गाडी वळवली. दोन बॅरल फुटले. दोन धड राहिले. प्रेत उचलायच्या आधी धुरपताबाईनंच सांगितलं, की त्या दोन बॅरलांतलं पाणी वर न्या, पोरं आजारी आहेत.

संध्याकाळच्या आत माती दिली. भन्तेजी निलंग्याहून आले. त्रिशरण-पंचशील झालं. जिलानीला ते शब्द येत नव्हते. तो टोपी हातात घेऊन मागं उभा राहिला आणि मनातल्या मनात त्याला जे येत होतं ते म्हणाला.

त्यानंतर पाच दिवस त्यानं गॅरेज उघडलं नाही. रईसा समोर जेवण ठेवायची, तो दोन घास खाऊन उठायचा. एकदा ती म्हणाली, "तुम्हीच तर सांगितलं होतं ना त्याला? दोनदा सांगितलं, माझ्यासमोर."

"सांगितलं," तो म्हणाला. "काढलं न्हाई."

तिला ते समजलं नाही आणि त्यानं समजावलं नाही. पाना हातात होता. दहा मिनिटांचं काम. तो एकटाच असता तर त्यानं ते केलंच असतं, कुठल्याही गिऱ्हाइकाच्या गाडीला केलं असतं. निवृत्ती होता म्हणून केलं नाही. विश्वासाच्या माणसाला कुलूप कशाला, असं वाटलं होतं.

सहाव्या दिवशी हैदराबादचा दुसरा सेट लातूरच्या दुकानातून एस.टी.च्या पार्सलनं आला. कागद फाडून त्यानं तो पाहिला. तेलात बुडवलेले दात, आठ आणि त्रेचाळीस, जसे हवेत तसे. तो उठला आणि सावरीची गाडी पकडून सिंधुकडं गेला.

सिंधु दवाखान्याच्या ओट्यावर होती. ती चौथ्याच दिवशी कामावर परत आली होती. बेलवाडीत हगवणीची साथ चालली होती, खड्ड्याच्या पाण्यानं लागलेली. ती बाटल्यांत मीठ-साखरेचं पाणी भरत होती. एक चिमूट, एक मूठ, मग हलवायचं. तिनं मान वर करून पाहिलं, एक स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"बसा, भाईजान."

तो बसला नाही. "सिंधुबाई, मला एक सांगायचं हाय. ऐकून घ्या, मग काय म्हणायचं ते म्हणा." त्यानं सगळं सांगितलं. एक सेट, दोन पोटांतला फरक, पुढचा शाफ्ट, आठ बोल्ट, हातातला पाना. सांगताना तो तिच्याकडं पाहत नव्हता, बाटल्यांकडं पाहत होता. "मी ते बोल्ट काढले असते तर दांडा टाकून काय झालं नसतं. गाडी वाळूत बसली असती, बस. फावडं घेऊन उकरली असती."

सिंधुनं हातातली बाटली पूर्ण भरली, बूच लावलं, बाजूला ठेवली.

"किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं."

ओट्याखाली एक कोंबडी माती उकरत होती. सिंधु म्हणाली, "तुम्ही दोन बॅरल म्हणला होता, हाव ना?"

"हाव."

"त्या दिवशी सकाळी वाडीतनं अकरा पोरांना हगवण लागल्याचा निरोप आला. मी ह्यांना म्हणलं, आज भरून आणा, चारी बॅरल. ते म्हणाले, उस्तादनं दोनच सांगितल्यात. पहिल्यांदा दोन नेतो, मग परत येतो. मी म्हणलं, तोवर टँकर निघून जाईल. ते म्हणाले, चार घेतले तर पुढचा गिअर टाकावा लागंल." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मी म्हणलं, मग टाका. गिअर कशाला दिलाय गाडीला? लेकरं मरून राहिलीत तिथं आन तुम्ही उस्तादचं काय सांगताय मला?"

जिलानी स्टुलावर बसला.

"त्यांनी मला एवढंच विचारलं, 'टाकू?' मी 'टाका' म्हणलं." सिंधुनं पदरानं तोंड दाबलं. थोड्या वेळानं पदर खाली आला तेव्हा तोंड कोरडं होतं. "अकरापैकी एक बी लेकरू गेलं न्हाई. सगळी बरी हायेत. मी रोज जाऊन मोजते."

त्याला काही बोलावंसं वाटलं, तिचा दोष नाही असं. पण हेच तिनं त्याला म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं.

"आत्याबाईला ह्यातलं काय सांगू नका," ती म्हणाली. "तुमचं बी, माझं बी."

"न्हाई सांगत."

"आन ती जीप." तिनं पुढची बाटली ओढली. "दुरुस्त होती का?"

"होती."

"मग करा. पाऊस लांब हाय अजून."

जीप चार बैलांनी ओढून गॅरेजवर आणली. जिलानीनं ती एकट्यानं खोलली. वाकलेला हूड ठोकून सरळ केला, ब्रेकचे बूट नवीन घातले, नवा शाफ्ट घातला. पुढचं पोट उघडून दुसरा सेट बसवला. मागं आठ-त्रेचाळीस, पुढं आठ-त्रेचाळीस. जमिनीवर सरळ रेघ मारून, चाकं हातानं फिरवून त्यानं दोन्हीकडचे फेरे ताडून पाहिले, तीनदा. ट्रॉलीचा दांडा बदलला आणि तिला आतापर्यंत नव्हता तो ब्रेक केला, दोरीनं ओढायचा, पण ब्रेक. दुसरा ड्रायव्हर बघू असं संगप्पा म्हणाला. जिलानी म्हणाला, गरज नाही.

वैशाख आणि ज्येष्ठ त्यानं स्वतः जीप चालवली. सकाळी सावरी, मग वाळू, मग चढण. पहिल्या खेपेला चढणीच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली, खाली उतरून चारही चाकांभोवती चक्कर मारली आणि मग परत बसला. गाडी वर चढली. काही त्रास न देता चढली. जी गाडी इतक्या सोप्या पद्धतीनं चढू शकते, ती पंधरा दिवस आधी का चढली नाही, हे मनात येऊन त्याला वर पोचल्यावर स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसावं लागलं. बायका बाजूला उभ्या राहून वाट पाहत राहिल्या. कुणी घागर पुढं केली नाही.

धुरपताबाई मात्र रांगेत कधीच आली नाही. मुलगा गेल्यापासून तिनं जीपच्या पाण्याला हात लावला नव्हता. रोज सकाळी ती आपली घागर घेऊन पात्रातल्या खड्ड्याकडं जायची, वाटीनं पाणी भरायची, फडक्यानं गाळायची. सिंधुनं सांगून पाहिलं, वाडीतल्यांनी सांगून पाहिलं. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. जिलानी रोज तिच्या दारात एक घागर भरून ठेवायचा. संध्याकाळी जाताना ती घागर तशीच असायची. तो ती शेजारच्या घरात रिकामी करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत भरायचा. न काढलेल्या शाफ्टचं आणि चार बॅरलांचं तिला ठाऊक होतं का, कुणी सांगितलं होतं का, हे त्याला कधी कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

आषाढात तेरणेला पाणी आलं, वाडीतल्या विहिरीचा झरा मोकळा झाला आणि जीपचं काम संपलं. शेवटच्या दिवशी जिलानी बॅरल सोडवून आणायला लांबच्या पुलावरून वळसा घालून बेलवाडीला गेला. बॅरल ट्रॉलीत चढवत असताना त्याला मागं कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. धुरपताबाई होती. काखेत बोचकं.

"निलंग्याच्या वाटंनं जातूस ना?"

"हाव, माय."

"मला सावरीला सोड. सुनंकडं. एकटीच हाय ती."

त्यानं तिला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं. निवृत्तीच्या शेजारी जिथं ती कधी बसली नव्हती तिथं. बोचकं तिनं मांडीवर घेतलं. गाडी सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक पाभरी घेऊन पेरत होते.

"तू रोज घागर भरून ठेवत होतास," ती समोर बघत म्हणाली.

"हाव."

"तुझ्यावर राग न्हाई माझा. सिंधुवर बी न्हाई."

जिलानीनं तिच्याकडं पाहिलं. ती तशीच समोर बघत होती. म्हणजे तिला माहीत होतं, की नव्हतं, त्याला काही ठरवता येईना.

"त्या पाण्यावर राग हाय," ती म्हणाली. "तेच्यासाठी गेला न्हवं."

पुलाचा चढ आला. त्यानं गिअर खाली घेतला आणि गाडी सावकाश वर घातली. धुरपताबाईनं एका हातानं बोचकं आणि दुसऱ्या हातानं समोरचा लोखंडी दांडा घट्ट धरला. चढ संपेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

"लई हळू चालवून राहिलास," ती म्हणाली.

"हळूच बरं, माय."

"हाव," ती म्हणाली. "हळूच ने."